माणशी दोन मुद्दे

समोरचा माणूस बोलायला लागला की आपण त्याच्या डोळ्यांकडे बघतो. कवळीकाका तोंडात बघत. कुठला दात पडायला आलाय, कुठला शेजाऱ्याच्या अंगावर रेललाय, कुठे नुसतीच मोकळी जागा आहे आणि जीभ तिथे सारखी जाऊन रिकाम्या हाताने परत येते, हे सगळं त्यांना समोरच्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलेलं असे. वाक्यात काय होतं ते मात्र पुष्कळदा कळत नसे. पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ इथेच होतं.

काका कवळ्या तयार करत. दातांचे डॉक्टर मापं पाठवत, काका त्यांवरून प्लास्टरचे जबडे ओतत, त्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या रचत, आणि मेणात एकेक दात रोवत जात. जिन्याखालच्या खोलीत त्यांचा कारखाना होता. भिंतीला लांब फळी, आणि फळीवर ओळीनं जबडे. वरचे, खालचे, काही जोडीनं, काही जोडीदार हरवलेले. दुपारी रस्ता सामसूम झाला की ते सगळे आताच काहीतरी सांगणार होते आणि आपण आल्यामुळे गप्प झाले असं वाटे. काकांची बायको खोलीचा केर काढायची तेव्हा जबड्यांकडे पाठ करायची नाही. "तुमची मंडळी मागून हसतात," ती म्हणायची.

नवी कवळी टोचतेय अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की काका ती घासून द्यायचे, तोंडात बसवायचे आणि म्हणायचे, "आता ‘नाही’ म्हणा."

"नाही."

"जोरात."

"नाही!"

"बसली. ‘न’ म्हणताना जीभ वरच्या दातांना टेकते. तिथे काही हललं तर कवळी चुकली. ‘हो’ काय, बोळकंसुद्धा म्हणतं. देवानं माणसाला दात दिले ते ‘नाही’ म्हणायला."

"आणि खायला?"

"चावायला," काका दुरुस्ती करत. "खातात जनावरं."

कारण काकांचा दुसरा सिद्धांत होता चावण्याचा. प्रत्येक घास बत्तीस वेळा. वरणभात असला तरी बत्तीस वेळा. त्यांच्या घरी जेवायला बसलेला पाहुणा दुसऱ्या भाकरीपर्यंत पोचायच्या आधी त्याची जायची वेळ व्हायची. पानं वाढून झाली की बायको जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारायची, "अहो, या गिळायला. निवतंय."

खालून उत्तर यायचं, "गिळायला नाही, चावायला."

लग्नापासून हे असंच चाललं होतं. हाकेत आता राग उरला नव्हता आणि उत्तरात अर्थ उरला नव्हता. दाराची कडी वाजावी तसं ते वाजायचं, आणि ज्या दिवशी वाजायचं नाही त्या दिवशी दोघांनाही चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं.

राहिला काकांच्या स्वतःच्या दातांचा प्रश्न. या वयातही त्यांचे वरचे दात मोत्यासारखे होते. कुणी कौतुक केलं की काका म्हणत, "हे माझे स्वतःचे आहेत." यात तसूभरही खोटं नव्हतं. त्यांनी ते स्वतःच केले होते. घराबाहेर कुणाला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ नये अशी काकांची सक्त इच्छा होती. टकल्या न्हाव्याकडून कोण केसाचं तेल घेतो?

त्यांचा एकच वैरी होता. नाचणी. मध्यंतरी रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी नाचणी सांगितली. बायकोनं पेज केली. काकांनी वाटी अशी बाजूला सरकवली जशी तिच्यात कुणाची तरी पडलेली दाढ होती. "हे बिनदाती माणसाचं खाणं," ते म्हणाले. "तान्ह्या पोराचं, नाहीतर खाटेवरच्या म्हाताऱ्याचं. एकदा माणूस पेजेवर आला की कवळी डबीत जाते. आणि डबीतली कवळी कधी झिजते का? माझ्याच घरात माझ्याच पोटावर पाय?"

आता गंमत अशी की त्यांची एकुलती एक मुलगी नाचणीच्या वाटेनंच हाताबाहेर गेली.

मुलगी एका मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायची. तिथल्या स्वयंपाकघरात पथ्याचं रांधणारी एक बाई होती. मूळची दक्षिणेकडची, लग्न होऊन इकडे आलेली. साखरेच्या रोग्यांना ती नाचणीचे डोसे घालायची, जाळीदार, कडेला कुरकुरीत. उन्हाळ्यात ताक घालून, वर कच्चा कांदा भुरभुरवून नाचणीची आंबील द्यायची. पीठ रात्रभर आंबवायची, नाचणीला मोड आणायची, वाळवायची, दळायची. रोगी बरे होऊन घरी जायचे आणि डोशासाठी पुन्हा तपासणीला यायचे. मुलगी आधी त्या डोशांच्या प्रेमात पडली. मग तिला दुपारी न्यायला येणाऱ्या तिच्या मुलाच्या. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा.

मुलगी बापाला ओळखून होती. मुलाला घरी आणायच्या आदल्या दिवशी तिनं बजावलं, "बाबा, उद्या तोंड बंद ठेवायचं. तुमचं आणि दुसऱ्याचंही."

काकांनी आपलं तोंड बंद ठेवलं. पण मुलगा चहा पिताना हसला. खालच्या ओळीतला एक दात वाकडा दिसला, आणि काकांचा हात त्यांच्या नकळत खिशातल्या बॅटरीकडे गेला.

"जरा आ कर."

मुलानं आ केला. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा? काकांनी आत उजेड टाकला, गालात बोट घालून गाल बाजूला ओढला, दोन दात हलवून बघितले आणि म्हणाले, "आज ना उद्या हा जाणार. मग शेजारचे ढासळणार. चाळिशीच्या आत तू माझ्याकडे येशील."

घोडा विकत घेताना एवढं बघत नाहीत. त्यानंतर मुलगी बापाशी फक्त कामापुरतं बोलू लागली. काकांना आपलं चुकलं हे कळलं होतं, पण कळणं आणि म्हणणं यांच्यात काकांच्या तोंडात बराच मोठा दरवाजा होता. आतून त्यांना एकच धास्ती होती, की आता त्या मुलाची आई संतापून मोडता घालणार. मुलगी दुसऱ्या कुणाकडे ढुंकूनही बघणार नाही हे त्यांना माहीत होतं. आणि तिचं लग्न आपल्या खिशातल्या बॅटरीनं मोडलं असं आयुष्यभर जेवणाच्या पानावर बसून ऐकावं लागेल, बत्तीस वेळा, हेही माहीत होतं.

तेवढ्यात तो फोन आला.

मुलगी दवाखान्याच्या शिबिरासाठी दुसऱ्या गावी गेली होती, बायको बाजारात. काका मेणात दात रोवत होते.

"नमस्कार. मी मुलाची आई." आवाज मधासारखा होता. "रविवारी दुपारी इकडे या. सगळे तोंड घेऊन या. रागी मुद्दे आहेत."

"कसले?"

"रागी. रागी मुद्दे."

काकांच्या हातातली मेणाची सुरी थबकली. रागीट माणसं त्यांनी पाहिली होती, मुद्देसूद माणसंही पाहिली होती. पण रागाचे मुद्दे काढून ठेवून वर फोन करून आमंत्रण देणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती.

"किती आहेत?" त्यांनी जपून विचारलं.

"माणशी दोन धरलेत. तुम्हाला कमी पडले तर आणखी काढीन."

"फोनवर नाही का होणार?"

"फोनवर?" ती हसली. "फोनवर कसे देऊ? समोरासमोरच पाहिजेत. आणि गरम असतानाच. थंड झाले की दगड होतात, मग कुणाला उतरत नाहीत."

"बरं."

"आणि सकाळी काही खाऊ नका. जड असतात. नवीन माणसाला झेपत नाहीत."

काकांनी फोन ठेवला. मेणातला दात उलटा बसला होता.

बायको आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. ती पिशवीतली भाजी काढता काढता ऐकत होती. "पोर तर म्हणते बाई अगदी लोण्यासारखी आहे," ती म्हणाली.

"लोणी तापलं की काय होतं?"

"तूप होतं."

ते खरं होतं, म्हणून काकांनी विषय बदलला.

"पोरीला यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "ती शिबिरातून परस्पर तिकडेच यायचीय ना? येऊ दे. मी माझी तयारी करतो. त्यांचे माणशी दोन, तर माझे माणशी तीन. आणि एक लक्षात ठेव. त्यांनी ‘नाही’ म्हणायच्या आत मी ‘नाही’ म्हणणार. ठणकावून. नकार कुणी दिला हे महत्त्वाचं असतं."

"आणि पोर?"

काकांनी मेणातला उलटा दात उपटून सरळ रोवला.

रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून, उपाशीपोटी, बोटांवर मुद्दे मोजत निघाले. पहिला मुद्दा त्यांना तिथे पोचताच फुकट मिळाला. इमारतीची लिफ्ट बंद होती.

"मुलगा काय करतो म्हणालीस?" त्यांनी पहिल्या मजल्यावर धापा टाकत विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो," बायको म्हणाली. "दुसऱ्यांच्या. तुम्ही नाही का दुसऱ्यांना म्हणता, चाळिशीच्या आत माझ्याकडे याल?"

काका उरलेले मजले कठडा धरून चढले.

दार मुलानं उघडलं. "या काका," तो म्हणाला, पण तोंडावर हात धरून. काकांच्या खिशाकडे त्यानं एक चोरटी नजर टाकली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मागे मुलगी कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करत बसली होती. तिनं बापाकडे असं पाहिलं की काकांचा हात खिशातून आपोआप बाहेर आला.

आणि मग त्यांना आतल्या दारातून स्वयंपाकघर दिसलं.

जमिनीवर एक मोठं पातेलं होतं. त्याच्या काठाला फडकी गुंडाळून, दोन्ही पावलांनी ते जखडून धरून, मुलाची आई स्टुलावर बसली होती. तिच्या हातात मनगटाएवढा लाकडी दांडका होता. पातेल्यातल्या कशाला तरी ती त्या दांडक्यानं दाबत होती, पिळत होती, कडेला चिरडत होती. प्रत्येक दणक्याला आतून गुदमरलेला, ओला आवाज यायचा. वाफेत तिचा चेहरा लाल झाला होता.

पाहुण्यांची चाहूल लागताच तिनं मान वर केली आणि चेहराभर हसली.

"या, या. कडमडलात का एकदाचे?" तिच्या आवाजातला गोडवा टेलिफोनातल्यापेक्षाही दाट होता. "बसा, बूड टेका. आधी ह्याला बडवते, मग तुमच्याकडे बघते."

काकांची दातखीळ बसली. कवळीची बसते तशी, वरची आणि खालची एकदम.

बायकोनं मात्र मान तिरकी करून त्या बाईकडे निरखून पाहिलं. कुणाचा तरी ओळखीचा आवाज दुरून यावा तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर हललं.

काका खुर्चीवर बसले, घसा खाकरला आणि आतल्या दिशेनं म्हणाले, "जेवणाखाणाचं मागाहून बघू. आधी मुद्दे घेऊ."

"घेऊच की," आतून आवाज आला. "हात धुवून घ्या."

"मुद्द्यांना हात कशाला धुवायचे?"

"मग काय तसेच घेणार? दिवसभर लोकांच्या तोंडात घातलेल्या हातांनी?"

हा पहिला वार होता. बॅटरीचं प्रकरण निघालं होतं. काका उठले, मोरीवर जाऊन हात धुतले आणि परत येऊन बसले. मुलगी खाली मान घालून पानं मांडत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं काकांना वाटलं.

"हे बघा," ते म्हणाले, आवाज मुद्दाम चढवून. "मला गोल गोल आवडत नाही. जे काय असेल ते सरळ करा."

आतला दांडका थांबला.

"गोल नको?" तिचा आवाज खरोखरच दुखावला होता. "आमच्याकडे गोलच करतात हो. माझी आई गोल करायची, तिची आई गोल करायची. सरळ कसे करायचे, मला नाही येत."

"आईपासूनच आहे म्हणजे," काका बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"पाण्याचा हात लावून काढते," आतून पुन्हा आवाज आला. "तुम्हाला पहिला. सगळ्यात मोठा."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. ते तिनं काकांच्या पुढ्यात ठेवलं. ताटात मध्यभागी एक गोळा. काळपट तपकिरी, तुकतुकीत, दोन्ही मुठींएवढा, वाफाळता. गोळ्याच्या माथ्यावर बोटानं खळगा केला होता आणि त्यात तूप. बाजूला पालेभाजी आणि डाळीचं सार, लसणीची फोडणी अजून त्यावर चुरचुरत होती. काका ताटाकडे बघत राहिले.

"हे काय?"

"मुद्दा."

मग काकांनी हळूच विचारलं, "आणि रागी?"

"बाबा," मुलगी म्हणाली, आणि आता कळलं की तिचे खांदे रडण्यानं हलत नव्हते. "रागी म्हणजे नाचणी. त्यांच्या भाषेत. आणि मुद्दे म्हणजे गोळे. शिजवलेल्या पिठाचे. तुम्हाला काय वाटलं?"

काकांच्या बोटांवर जमवलेले मुद्दे एकेक करून ओघळून गेले. किती हलकं वाटलं म्हणून सांगावं! बाई रागावलेली नव्हती. मोडता नव्हता. पोरीचं लग्न शाबूत होतं. आणि हे सुख पुरतं अंगात मुरायच्या आत ती बाई त्यांच्या समोर बसली, ताट दोन बोटं पुढे सरकवलं आणि मायेनं म्हणाली, "चला. गिळा आता."

काकांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"गिळा. चावायचं नाही. मुकाट्यानं गिळायचं."

सबंध हयातीत काकांना असं कुणी, बायको सोडून, बोललं नव्हतं. गेलेला राग दारातूनच मागे वळला. वैरीण नाचणी पुढ्यात, आणि वर हा शब्द. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या.

"बाई," ते म्हणाले, "घास बत्तीस वेळा चावावा. पचन तोंडात सुरू होतं. गिळतो तो अजगर."

"रागी चावायची नसते. रागी गिळायचीच असते."

"राग गिळायचा, हे मीही करत आलेय," बायको मध्येच म्हणाली. "पण काय हो, तुम्हाला हे असं बोलायला कुणी—"

"थांब," काका म्हणाले. तत्त्वाचा प्रश्न होता. त्यांनी गोळ्याचा चांगला लिंबाएवढा लचका तोडला, सारात नावापुरता बुडवला, तोंडात घातला आणि सगळ्यांच्या देखत चावायला सुरुवात केली.

मोजणी मनात चालू होती. पहिल्या चार-पाच चावण्यांत काही वेगळं वाटलं नाही. मग गोळा टाळूला चिकटला. जिभेनं लोटला तर जिभेला चिकटला. जबडा खाली न्यायला थोडा जोर लागू लागला, मग जास्त, मग चिखलातून पाय उपसावा तसा आवाज आतल्या आत झाला आणि काकांना अगदी ओळखीची पण आपल्या बाबतीत कधीच न आलेली जाणीव झाली. वर काहीतरी हललं होतं.

ते थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"काय झालं?" बाईनं काळजीनं विचारलं. "थोबाड का थांबलं?"

हे फार झालं. ‘थोबाड’ हा शब्द काकांनी गिऱ्हाइकाच्या प्लास्टरच्या जबड्यालासुद्धा कधी वापरला नव्हता. ते ताठरले, लाल झाले, अर्धवट उठले. आणि नेमकी हीच वेळ साधून त्या बाईनं, त्यांना बरं वाटावं म्हणून, विषयाला हात घातला.

"असू दे. मी काय म्हणते, पोरांचं ठरलंच आहे. तुम्ही तुमची पोरगी आमच्या पोराला देता ना?"

मुलीच्या हातातली पळी तशीच राहिली. मुलानं तोंडावरचा हात आणखी घट्ट केला. काकांनी छाती भरून घेतली आणि ठरवून आणलेला, ठणकावून म्हणायचा तो एकच शब्द उच्चारला. पण ‘ना’ला जीभ टेकायला वरचे दात जागेवर नव्हते, आणि तिथे सगळा मुद्दाच होता. तोंडातून बाहेर पडलं ते असं:

"आ-ई!"

"अरे देवा, भाजलं," ती बाई म्हणाली आणि उठून तिनं काकांच्या पाठीत एक सणसणीत दणका घातला. दांडक्याचा हात होता तो. काकांच्या तोंडातून तो लचका सुटला आणि ताटात पडला.

सगळ्यांनी ताटात बघितलं. तपकिरी पिठात रोवलेले चौदा शुभ्र दात त्यांच्याकडे बघून हसत होते.

काकांना वाटलं, आता जमीन दुभंगावी, निदान लिफ्ट तरी सुरू व्हावी. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बघितली, आज आपलं तोंड असं ताटात उघडं पडलं होतं. पण नजर खाली गेली आणि नजरेचं जन्माचं वळण जाईना. त्यांनी वाकून बघितलं. मग आणखी वाकून. कवळी सुटल्यावर मुद्दा तिच्या वर शिरला होता, आणि त्यात त्यांच्या टाळूचा ठसा उठला होता. एकेक वळी, एकेक रेघ, हिरडीचा उंचवटा, कुठे बुडबुडा नाही, कुठे चीर नाही. डॉक्टर लोक महागडी पेस्ट वापरून जे माप पाठवत त्यात अर्धी टाळू पुसलेली असायची.

"हे घट्ट व्हायला किही वेळ लागहो?" काकांनी विचारलं.

"काय म्हणतात?" बाईनं विचारलं.

"किती वेळ लागतो म्हणतात," बायको म्हणाली. "घट्ट व्हायला."

"पाणी उकळलं की पिठाचा डोंगर मध्ये सोडायचा आणि हलवायचं नाही," बाई सांगू लागली. पथ्याच्या रोग्यांना सांगावं तसं, काहीच घडलं नसल्यासारखं. "दांडक्यानं मधोमध एक भोक पाडायचं, म्हणजे डोंगराच्या आतपर्यंत वाफ जाते. शिजल्याचा वास आला की उतरवायचं आणि गुठळी मरेपर्यंत बडवायचं. कच्चा राहिला तर पोटात दुखतं. मग ओल्या हातानं गोल. झालं. लगेच." बोलता बोलता तिनं कवळी उचलली, आत नेली, धुतली आणि एका वाटीत पाणी घालून त्यात ठेवून आणली. "ही घ्या. जेवून झालं की घाला थोबाडात."

आता मात्र बायकोला राहवेना. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, तुम्हाला मराठी कुणी शिकवलं?"

"शेजारणीनं," बाई म्हणाली. "आम्ही नवीन आलो तेव्हा मध्ये एकच भिंत होती. मला एक शब्द येत नव्हता. मी भिंतीला कान लावून शिकले. तिचं नवऱ्यावर फार प्रेम होतं. दिवसभर त्याच्याशी बोलायची. आला की ‘कडमडलात का’. जेवायला ‘या गिळायला’. चहा दिला की ‘ढोसा’. तो बिचारा एक शब्द बोलायचा नाही, पण ती चार दिवस माहेरी गेली तेव्हा दारात बसून राहिला. तेव्हाच मी ठरवलं, माणसाशी बोलायचं तर असंच." ती जरा थांबली. "दवाखान्यातही मी असंच बोलते. ‘गिळा’ म्हटलं की रोगी जेवतो. का? चुकतं का काही?"

मुलगी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काही चुकत नाही. मी मुद्दामच कधी सांगितलं नाही."

काकांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं त्यांच्याकडे. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून इतकी वर्षं ती जी हाक मारत होती ती आज दुसऱ्याच बाईच्या तोंडून, भिंतीपलीकडून आल्यासारखी, काकांनी पहिल्यांदा ऐकली होती.

तेवढ्यात मुलगा हसला. तोंडावर हात न धरता, मोकळा. त्याला आता कशाचीच भीती उरली नव्हती. खिडकीच्या उजेडात त्याचा तो वाकडा दात स्वच्छ दिसला. वाकडा होता, पण पाय रोवून उभा होता. काकांनी बघितलं आणि बॅटरी काढली नाही.

"दुसरा काढू का?" बाईनं विचारलं. "माणशी दोन आहेत."

काकांनी मान हलवली. दुसरा गोळा आला. यावेळी त्यांनी सुपारीएवढाच तुकडा घेतला, सारात पुरता बुडवला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. खाली उतरताना तो कुठे रेंगाळला नाही. गरम, गुळगुळीत, लसणीच्या वासाचा, तो आपला आपण घरंगळत गेला आणि सकाळपासून उपाशी असलेल्या पोटात जाऊन असा बसला जसा जुना पाहुणा आपल्या ठरल्या खुर्चीवर बसतो. काकांनी दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. मोजलं नाही. ताटातला गोळा संपला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर, दात नसल्यामुळे, तान्ह्या मुलासारखं हसू.

"उतरला का गळी?" बायकोनं विचारलं.

काकांनी पोटावर हात फिरवला.

"मग आता उत्तर द्या," बाई म्हणाली. "मघाशी नुसतंच ‘आई’ म्हणालात. पोरगी देता ना?"

मुलगी बापाकडे बघत होती. काकांनी वाटीकडे बघितलं. वाटीत पाण्याखाली चौदा दात स्वस्थ पडले होते, ‘नाही’ म्हणायला एकदम तयार. हात लांब केला असता तर घालता आले असते. काकांनी हात लांब केला आणि वाटी बोटभर दूर सारली.

"हो," ते म्हणाले. अगदी स्पष्ट.

"मग बघताय काय," मुलाची आई म्हणाली आणि ताकातल्या आंबिलीचा पेला काठोकाठ भरून तिनं त्यांच्या हातात दिला. "ढोसा."

काकांनी मुकाट्यानं ढोसली.